हातवाऱ्यांशिवायचा तास

मला राग पटकन येतो आणि जायला फार वेळ घेतो. हा एक राग तर दहा-बारा वर्षं गेला नाही, आणि मी तो जाऊही दिला नाही.

कर्नाटकातल्या औरादजवळच्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. गावोगावची पोरं पुण्याला, हैदराबादला कंपन्यांत चिकटायला निघाली होती, आणि पालक भेटले की एकच सांगायचे, "बाई, तेवढं इंग्रजीचं बघा." म्हणून बिदरला इंग्रजीच्या शिक्षकांचं शिबिर लागलं तेव्हा मी नवी साडी नेसून, हौसेनं गेले.

शिबिर घेणारे सर म्हैसूरकडून बदलून आलेले. मराठी त्यांना अजिबात येत नव्हती आणि न येण्याचा थाट मोठा होता. त्यांचा नियम असा, की इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत शब्द निघाला की गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'मला इंग्रजी येत नाही.' पुढचा कोणी चुकेपर्यंत ती उतरवायची नाही. बाकाच्या खिळ्याला माझा पदर अडकून टर्रकन फाटला आणि मी ओरडले, "अगं बाई, साडी गेली की!" पाटी माझ्या गळ्यात आली. थोड्या वेळानं मागच्या बाकावरचे एक गुरुजी चक्क कानडीत बोलले. सर नुसते हसले. पाटी माझ्याच गळ्यात राहिली.

दुपारी अप्पा, म्हणजे माझे वडील, भाकरी बांधून घेऊन फाटकाशी आले. मेंढरांमागं हिंडलेला माणूस, त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटीला हळूच बोट लावलं.

"हे काय गं गळ्यात? बक्षीस दिलेत व्हय?"

"व्हय, अप्पा."

"मग रडायलीस कामून?"

मी काहीतरी थाप मारली. अप्पांनी गावात जाऊन ज्याला त्याला सांगितलं, की बिदरात साऱ्या मास्तरांत माझ्या लेकीला बक्षीस मिळालं. पुढं ते वारले तेही हेच खरं मानून. मी त्या सरांवर डूख धरला तो त्या फाटकापाशी.

डूख धरून घरी बसले नाही. मिळेल ते प्रशिक्षण घेतलं. बेंगळुरूच्या एका लांबलचक प्रशिक्षणात एका बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी आसामी भाषेत शिकवलं. पहिली फेरी हातवाऱ्यांशिवाय, नुसतं बोलून, म्हणजे भाषा न कळणाऱ्या पोराचं काय होतं ते शिक्षकाला स्वतःला कळतं. दुसऱ्या फेरीत तेच सगळं हातवारे करून, वस्तू दाखवून, म्हणजे ते पोर कसं शिकतं ते कळतं. बाकीचे वह्या भरत होते. मला मात्र ते सर डोळ्यांपुढं दिसत होते, आणि मी गालातल्या गालात हसत होते.

पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा जुन्या प्रशिक्षकांनाही नव्यानं बसायची सक्ती झाली. बिदरच्याच शिबिरात मी शिकवणारी, आणि पहिल्या बाकावर ते सर. केस पांढरे झालेले, थाट तोच. मी हात पाठीमागे घेतले आणि औरादच्या ठेवणीतल्या मराठीत त्यांना पुढं बोलावलं.

"या की ओ सर. त्यो खडू उचला आन् खिडकी लावा."

ते शेजाऱ्याकडे बघू लागले. शेजाऱ्यानं खुणावल्यावर उठले. त्यांनी डस्टर उचललं.

"डस्टर न्हाई ओ, खडू! कामून नुसतं बघायलाव?"

त्यांनी उघडी खिडकी आणखी उघडली. भालकी-औरादचे शिक्षक हसून हसून बाकावर आडवे झाले. ही फेरी पाच मिनिटांत संपवायची असते. मी ती चहाची वेळ होईपर्यंत ताणली. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली तेव्हा मला जे सुख झालं, ते पहिल्या पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

चहाला ते स्वतःहून माझ्याकडे आले. इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, फार मोठी गोष्ट शिकवलीत. मला भीती वाटत होती. आपण आधी कुठं भेटलोय का?"

मी सगळं सांगितलं. पाटी, साडी, फाटकाशी आलेले अप्पा. त्यांनी मनापासून आठवून पाहिलं, ते मला दिसलं. मग कप खाली ठेवत म्हणाले, "ती पाटी तर मी प्रत्येक शिबिरात घालायचो. किती जणांच्या गळ्यात घातली असेल. तुमचं तेवढं कसं आठवणार?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि माफी मागावी असंही त्यात त्यांना काही दिसत नव्हतं.

चहानंतर मी सगळ्यांसाठी दुसरी फेरी सुरू केली. सरांना मात्र पुढं बोलावलं, त्यांच्यापुरते हात पुन्हा पाठीमागे घेतले आणि पहिलीच फेरी चालू ठेवली, जेवणाची घंटा होईपर्यंत.