घरातल्या घरात कोकण

गेल्या मे महिन्यात आम्ही दोन दिवस आमच्याच घरात लपून बसलो होतो.

मुलीची कॉलेजची फी आणि गच्चीची गळती या दोन खर्चांनंतर सुट्टीसाठी जी रक्कम उरली, तिच्यात आम्ही तिघं फार तर पुण्याच्या चांदणी चौकापर्यंत जाऊन परत आलो असतो. बायकोला मी तसं स्पष्ट सांगितलं. मंदा म्हणाली, "मला समुद्र नकोच. चार दिवस कुणाला चहा करून द्यावा लागू नये, एवढंच बघा."

ऐकायला हे स्वस्त वाटतं. पण आमचं गाव मुळशीत आहे. पुण्यातली माणसं इथे पैसे देऊन सुट्टी घालवायला येतात. आमचे नातेवाईक न देता येतात. मे महिन्यात एक रविवार मोकळा जात नाही. (मागच्या वर्षी मी पाहुण्यांची मोजदाद ठेवली होती. मंदाने ती वही चुलीत घातली.)

मग मी योजना आखली. नातेवाईकांच्या ग्रुपवर जाहीर केलं, की आम्ही चार दिवस कोकणात चाललोय. सकाळी बॅगा घेऊन, चारचौघांना दिसेल अशा बेताने रस्त्याला लागलो आणि ओढ्याकडून वळसा घालून मागच्या दाराने घरात आलो. प्रवास एकूण बारा मिनिटांचा. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. आणि खोटं बोलायचं तर कागदपत्रं पूर्ण हवीत, हा माझा स्वभाव! म्हणून गावाला जाताना दरवेळी करतो तेही केलं. शेजारच्या हौसाकाकींकडे किल्ली दिली आणि तुळशीला पाणी घालायला सांगितलं. तुळस अंगणात आहे, त्या घरात कशाला येतील?

पहिला दिवस आम्ही कुजबुजत काढला. टीव्ही बंद. कुकरची शिट्टी शेजारी ऐकू जाईल म्हणून जेवायला पाव आणि श्रीखंड. सई, म्हणजे आमची मुलगी, म्हणाली, की तुरुंगात निदान मोठ्याने बोलता येतं. मंदा मात्र अकरापर्यंत लोळली, दुपारी पुन्हा लोळली, आणि संध्याकाळी माझ्याकडे पाहून चक्क हसली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण माझ्या एखाद्या योजनेवर ती हसून खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. (नुसती हसलेली बऱ्याचदा पाहिली आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहाचे कप नुकते हातात घेतले होते, तोच अंगणात गाडी थांबली. मी फटीतून पाहिलं. बावधनचा माझा मेहुणा, संतोष! बरोबर बायको रूपाली आणि दोन मुलं. काकी त्याला सांगत होत्या, "ती समदी कोकणात गेल्यात. किल्ली हाय माज्याकडं. घरचीच मानसं तुमी, ऱ्हावा की."

कुलूप उघडायला लागणाऱ्या वेळात आम्ही बॅगांसह माळ्यावर होतो. कप मात्र खाली राहिले.

खालचं सगळं वर ऐकू येत होतं. रूपालीला जरा संकोच वाटत होता. संतोष तिला म्हणाला, "यंदा हॉटेल परवडत नाही, तुला माहितीय. आणि अक्का असली की राबत बसते, दाजी तोंड पाडून बसतात. म्हणून तर ते नसताना आलो."

मंदाचे डोळे भरून आले. मी तोंड पाडून बसलो.

तेवढ्यात रूपाली ओरडली, "अहो, हा चहा गरम आहे!"

पुढच्या पाच मिनिटांत काकींनी काठी आणली आणि अर्धी आळी गोळा केली. आम्ही माळ्यावरून गच्चीत निघालो, मागच्या जिन्याने उतरलो, पुन्हा ओढ्याकडून वळसा घातला आणि कोकणातून परत आलो.

"दाजी, देवासारखे आलात," संतोष म्हणाला. "घरात चोर शिरलाय."

"अन् सवकाश बसून च्या पिलाय मुडद्यानं," काकी म्हणाल्या. "शिरखंड बी चाटून पुसून खाल्लंय. लई हावरा दिसतोय."

मी काठी घेऊन स्वतःच्या घरात स्वतःला शोधलं. पलंगाखाली दोनदा वाकलो. सापडलो नाही. प्रकरण इथेच मिटलं असतं, पण कुणीतरी पोलीस पाटलांना बोलावून आणलं होतं. त्यांनी वही काढली, काय काय गेलं ते मला लिहून द्यायला सांगितलं आणि खाली बोट ठेवलं. "हितं सही करा."

मी पेन घेतलं आणि माझा हात थांबला. खोटं मी बोललो होतो, वागलो होतो, त्यासाठी उन्हात दोन वेळा ओढा पालथा घातला होता. पण खोट्याखाली सही मी आजवर केलेली नाही.

"चोर मीच आहे," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

आधी काकी हसल्या, आणि मग आळी हसायची थांबेचना. "चला, ह्यावर च्या झालाच पायजे," असं म्हणून त्या ओट्यावर ऐसपैस बसल्या. चौदा माणसं त्यांच्याभोवती बसली. सगळ्यांनी मंदाकडे पाहिलं.

मंदाने बॅग उचलली. "मी परवापर्यंत कोकणात आहे," ती म्हणाली, माळ्यावर गेली आणि दार लावून घेतलं.

रूपाली पदर खोचून उठली, पण वरून आवाज आला, "रूपाली, तू पाहुणी आहेस. बस."

चहा मी केला. दुपारी भात, आमटी आणि बटाट्याची भाजी मी केली. सगळे मुकाट्याने जेवले. संतोषने आमटीत तीनदा पाणी घालून घेतलं.

चार वाजता तो गाडीत बॅगा भरू लागला. धरणाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये खोली मिळाली होती. "दर काही तितके जास्त नाहीत, दाजी," तो माझी नजर टाळत म्हणाला. आमच्या नात्यात मुळशीतल्या रिसॉर्टचे दर कुणाला परवडल्याची ही पहिलीच वेळ, आणि ते माझ्या हातचं एकदाच जेवून!