श्रद्धांजलीच्या यादीतला वर्गमित्र

आमच्या भागात कुणी वारलं की स्मशानभूमीत माझी आठवण निघते. सगळं आटोपत आलं की एखादा जाणता माणूस पुढे होऊन म्हणतो, "आता सर दोन शब्द बोलतील." मी सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. आवाज बरा आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला फारशी अक्कल लागत नाही. खोटं कशाला सांगू, लोक डोळे पुसायला लागले की मला आतून बरं वाटायचं.

म्हणून आमच्या दहावीच्या वर्गाचा स्नेहमेळावा ठरला तेव्हा श्रद्धांजलीचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. हल्ली असे मेळावे गावोगाव होतात. फेटे, फ्लेक्स, जुन्या गुरुजींना शाल, आणि सुरुवातीला दिवंगत सोबत्यांसाठी दोन मिनिटं उभं राहणं. उभं राहण्याआधी प्रत्येकाबद्दल थोडं बोलायचं, ही भर माझी. यादीही मीच केली. पाच नावं पक्की होती. सहावं नाव सेनगावच्या स्टँडवर जीप लावणाऱ्या आमच्याच एका वर्गमित्रानं सांगितलं. "त्यो बी गेला म्हनतात. तिकडं कुठंतरी, बोरच्या गाडीवर."

त्या 'म्हनतात'वर मी ते नाव लिहून टाकलं.

त्याची बहीण माझ्याच गावात राहते, बौद्ध वस्तीत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. जाऊन विचारायला हवं होतं. पण आमच्या आळीतला माणूस त्या टोकाला कामाशिवाय जात नाही, आणि हे काम मला तेवढं मोठं वाटलं नाही. शिवाय तो मेला असेल यात मला नवल वाटलं नव्हतं. इतके दिवस टिकला कसा, असंच मी त्या जीपवाल्याला म्हणालो.

शाळेत तो माझ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसायचा. आम्ही दहावीला असताना तामिळनाडूची, जमिनीत बोर पाडणारी गाडी गावात आली आणि हा वर्ग सोडून दिवसभर त्या पांढऱ्या धुळीत उभा राहू लागला. शेवटचा पेपर दिला आणि त्याच गाडीवर चढून निघून गेला. निकाल लागला तेव्हा त्याची गुणपत्रिका मीच नेऊन त्याच्या आईच्या हातात दिली. लहानपणी मी त्या वस्तीत पळत जायचो, कामाची वाट बघायचो नाही.

पुढे त्याची दोन पत्रं आली. एक कर्नाटकातून, तिथं तो बोरच्या गाडीवरच होता. दुसरं विशाखापट्टणमहून, मासे धरायच्या बोटीवरून. त्यात लिहिलं होतं, 'इथं चारी बाजूंनी पाणी आहे आणि पिण्याला नाही, आपल्या गावासारखंच.' मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. तेव्हा डी.एड.ला होतो, उगाच घाईत असायचो.

मग बऱ्याच वर्षांनी तो मला दिसला तो हिंगोलीच्या दसऱ्यात, प्रदर्शनातल्या मौत के कुएँमध्ये. मी बायकोला घेऊन वर कठड्याशी उभा होतो. खाली लाकडी भिंतीवर तो मोटारसायकल आडवी पळवत होता. दोन्ही हात सोडून वर आला आणि लोकांनी पुढे धरलेल्या नोटा हातातून अलगद काढून घेऊन गेला. मी ओळखलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोनं विचारलं, ओळखीचा आहे का? मी म्हणालो, नाही. का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. लाज वाटली, पण त्याची की माझी, हे काही कळलं नाही.

तर मेळाव्यात मी याच भांडवलावर बोललो. पाच जणांचं थोडक्यात आटोपलं, कारण ते बिचारे साधे जगले होते. सहाव्याला मात्र मी हात सैल सोडला. त्यानं पाताळातलं पाणी वर काढलं, तीन दिवस समुद्राच्या वादळाशी झुंज दिली, मरणाच्या विहिरीत रोज उतरला आणि रोज हसत वर आला. वादळ माझं, तीन दिवसही माझे. मांडवात बाया रडायला लागल्या. मग आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात एक वाळलेला माणूस आला. नवा शर्ट, घड्या न मोडलेला. दाराला धरून तो खोकला आणि म्हणाला, "काय मास्तर, वळखलं का?"

माझ्या हातातला खडू खाली पडला. तो खुर्चीवर बसला आणि दम लागेपर्यंत हसला.

"तू मेळाव्याला..." मी कसंबसं म्हणालो.

"आलतो ना. भाच्यानं मोबाइलात पत्रिका दाखवली. उशीर झाला, मांडवाच्या मागं उभा व्हतो. तू मलाच मारून राहिला व्हता."

"अरे, मग पुढं काहून नाही आलास?"

"कसा येऊ? बाया रडून राहिल्या व्हत्या. तू बी लई रंगात आलता. मग समदे उभे राह्यले, म्या एकटाच कसा बसू? म्या बी राह्यलो दोन मिन्टं उभा. जेवणाला थांबावं का न्हाई कळंना, घरी गेलो."

मग त्यानं माझं भाषण दुरुस्त केलं. बोटीवर तो स्वयंपाकी होता, आणि पहिले तीन महिने नुसता ओकत होता. मोटारसायकलवरून पडून मांडी मोडली तेव्हा मालकानं त्याला एका गावात सोडून पुढची जत्रा गाठली. मग डोंगरात बोगद्याच्या कामावर गेला, तिथून परत बोरवर. आता छातीत दगडाची धूळ बसली होती. नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं की ती आता निघायची नाही. म्हणून तो गावी आला होता.

"लई फिरलो. माणसं बी लई भेटली, पर समदी त्या त्या गावची. मला वळखणारी तुमीच. एकदा तुमच्या समद्यांत बसायचं हाय, दुसरं काई न्हाई. त्यांना सांगशील ना, म्या हाय म्हनून?"

"आजच ग्रुपवर टाकतो," मी म्हणालो.

टाकलं नाही. टाकायला बसलो होतो, पण ग्रुपवर माझ्या भाषणाचा व्हिडिओ फिरत होता. खाली ओळीनं हात जोडलेले. एका बाईनं लिहिलं होतं, 'सर, तुमच्यामुळे आमचे सोबती पुन्हा जिवंत झाले.' त्याखाली मी काय लिहू? की ज्याच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त रडलात त्याला मी न विचारता मारला? दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. उद्या टाकू म्हटलं. दोन दिवस गेले, मग आठवडा गेला. मग आठवडाभर का लपवलं याचंही उत्तर द्यावं लागणार होतं, म्हणून आणखी लांबलं. इतक्या क्षुल्लक भीतीपायी माणूस किती खाली जातो हे मी स्वतःवरून सांगतो.

त्याच्याकडे साधा फोन होता, तो ग्रुपवर नव्हता. मी दर रविवारी त्याच्या बहिणीच्या घरी जायचो. आता त्या टोकाला जायला मला काम होतं. पहिल्याच रविवारी त्यानं विचारलं, "कोन काय म्हनलं?"

"सगळ्यांना लई आनंद झाला," मी म्हणालो. "येणार आहेत भेटायला."

माझ्या तोंडून ते किती सहज निघालं! स्मशानात गोड बोलायची वीस वर्षांची सवय.

तेव्हापासून त्यानं वाट बघायला सुरुवात केली. बहिणीनं शेजारच्या घरून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या. त्या तो रोज सकाळी अंगणात मांडायचा आणि ऊन आलं की सावलीत सरकवायचा. नवा शर्ट धुऊन-धुऊन घालायचा. जीपवाल्याची, किराणावाल्याची, वर्गातल्या, वसमतला दिलेल्या हुशार मुलीची, एकेकाची चौकशी करायचा. मी म्हणायचो, सोयाबीनची गडबड आहे. मग म्हणालो, लग्नसराई आहे. मग हळदीची काढणी. कारणांना तोटा नव्हता. तो म्हणायचा, "व्हय, बराबर हाय. कामंच तशी असत्यात." एकदा मात्र म्हणाला, "मास्तर, आता जायचं हाय ते लई दूर, तिथून परत येनं न्हाई. तेवढं लवकर या म्हनावं."

त्या दिवशी मी घरी न जाता शाळेच्या मैदानात जाऊन बसलो आणि रडलो. रडून झाल्यावरही फोन काढला नाही.

शिवारात हळद शिजवायचे कढई-बॉयलर पेटले होते, गावभर तो ओला उग्र वास भरला होता, त्या दिवसांत तो गेला. धुरानं तकलीफ वाढली, असं बहीण म्हणाली. हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली, पण गाडीत बसवेपर्यंत सगळं संपलं होतं. वस्तीतली माणसं जमली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे वळून म्हटलं, "सर, दोन शब्द."

मी उभा राहिलो. तो बोरच्या गाडीवर होता, असं सांगितलं. बोटीवर स्वयंपाक करायचा. मोटारसायकल चालवायचा. बोगद्यात कामाला होता. शेवटी घरी आला. प्रत्येक शब्द खरा होता आणि भाषण अगदी पडलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाया रडतील असं पुढचं वाक्य मला माहीत होतं, ते मी बोललो नाही.

आमच्या वर्गातला गावात राहणारा मी एकटाच, बाकीच्यांतल्या एकालाही आजवर हे माहीत नाही. त्यांच्या लेखी तो मेळाव्याच्या आधीच गेला. हे लिहून झालं की ग्रुपवर टाकीन, असं मी ठरवलं आहे. ठरवण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या बहिणीकडे गेलो. ती एका खुर्चीवरची धूळ पुसत होती, परत द्यायची म्हणून. मला बस म्हणाली आणि स्वतः खाली उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "सर, एक इचारू? एवढे तुमचे सोबती, पर एकबी आलं न्हाई. चार महिने भाऊ वाट बघून राहिला व्हता. त्यानं कुनाचं काई वाईट केलतं का? तुमाला माहीत असंल."

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"असेल काहीतरी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.