चाकांवरच्या घराला पालखी

यंदा शिमग्याच्या सुट्टीत आम्ही कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि पनवेलहून कोकणात उतरलो. आत गॅस, बेसिन, झोपायला पलंग आणि आंघोळीसाठी एक उभं कपाट... त्याला गाडीवाले बाथरूम म्हणतात.

कल्पना अर्थातच नवऱ्याची. संदीपला सध्या सायकलचं वेड लागलंय. गाडीच्या मागे सायकली टांगायच्या, डोंगरातल्या खोऱ्यांतून हिंडायचं, वाट बरी दिसेल तिथे थांबायचं, असा बेत. मला सायकल चालवता येते. आवडते, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

ऐनवेळी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, म्हणाल्या, "मीपण येते." ज्या बाईंना रिक्षातसुद्धा मळमळतं, त्या माणगाव सोडून घाट लागला तरी हूं की चूं न करता खिडकीशी बसून होत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सुरुवात झकास झाली. गार असताना म्हसळ्याजवळच्या खोऱ्यात सायकली काढायच्या, ऊन तापलं की आंब्याखाली गाडी लावून झोपायचं. एका टेकडीवर रानातल्या पायवाटेने चढलो... वर कातळाचा मोकळा सडा, काजूला आलेला मोहर आणि लांबवर दिवेआगरचा समुद्र. गुडघे बोलायला लागले होते, पण खाली उतरावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, "इथून आपलं गाव जवळच आहे. आज गाडी तिकडे लावूया ना."

गावातलं आमचं घर चक्रीवादळात पडलं. आता नुसतं जोतं उरलंय. तेव्हापासून आई गावाला गेलेल्याच नव्हत्या, आणि कारण एकच होतं. शिमग्यात देवीची पालखी घरोघरी येते. घरची बाई ओटी भरते आणि गुरव त्या घराचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतो. जिथे घरच नाही, तिथून पालखी सरळ पुढे जाते.

चुलत दीर दरवर्षी बोलवायचे, आमच्या अंगणात भरा ओटी म्हणून. आई जायच्या नाहीत. "तिथे त्यांच्या घराचं नाव घेणार. आपलं आता तिथे काय राहिलंय?" एवढं बोलून विषय संपवायच्या.

तर गाडी आमच्याच अंगणात, जोत्याला लागून उभी केली. संदीप लगेच सायकल घेऊन खिंडीकडे पसार झाला. तो दिसेनासा झाल्यावर आईंनी आपल्या पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ बाहेर काढले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पालखी आज आमच्याच वाडीत फिरणार होती, आणि हे त्यांना पनवेलपासून ठाऊक होतं.

मी म्हटलं, "आई, पण ही भाड्याची गाडी आहे..."

"असू दे. दार आहे ना तिला?"

मला खरंच भीती वाटली. सगळ्या गावादेखत पालखी पुढे निघून गेली तर या बाईंचं काय होईल? संदीपला फोन लावला, तर रेंज नाही. काही सुचेना, म्हणून चहा ठेवला.

पालखीपुढे वाजणारा खालूबाजा जवळ आला. शेजारच्या अंगणातून पालखी बाहेर पडली, आमच्या जोत्यापाशी आली आणि थबकली. सगळे गाडीकडे बघायला लागले.

"ही गाडी कोनाची?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आमची," आई दारातून म्हणाल्या. "या वर्साला आमचं घर ह्येच हाय." पनवेलला त्या असं कधी बोलत नाहीत.

पालखीच्या भोयांपैकी एक जण म्हणाला, "काकी, घराला चाकं असतात व्हय?" लोक हसले. आई हसल्या नाहीत.

पालखीपुढे चालणारे एक म्हातारे मानकरी होते. ते शांतपणे दारापाशी आले आणि आत डोकावले.

"आत चूल हाय?"

"आहे," मी म्हटलं. "चहा ठेवलाय."

"रातचा मुक्काम?"

"हितंच," आई म्हणाल्या.

ते मागे वळले. "चूल पेटल्येली हाय, बाय दारात हुबी हाय. घराला आनि काय पायजेल? फिरवा पालखी."

पालखी अंगणात आली... आणि त्याच वेळी संदीप हेल्मेट आणि सायकलची घट्ट चड्डी घालून हजर झाला. त्याचा आ वासलेला. कुणीतरी त्याच्या कमरेला टॉवेल गुंडाळला आणि पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावर दिला. हेल्मेट डोक्यावरच राहिलं. फोटो आहे, पण इथे टाकायला सक्त मनाई आहे.

आई पायरीवरून खाली उतरल्या आणि त्यांनी ओटी भरली. खण दोनदा निसटला. मग गुरवाने माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं आणि गाऱ्हाणं घातलं. "देवी आई, ह्यांचं घर आज हितं हाय, उद्या आनिक कुटं आसंल. जितं जाईल तितं त्याला सांबाळ."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. आई रडत होत्या, लपवत नव्हत्या. मीही रडले.

त्या मानकरीबाबांचं नाव विचारायचं गडबडीत राहूनच गेलं. त्यांना इथूनच मनापासून नमस्कार.

परतताना माणगावच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्या बाईंनी सहज विचारलं, "कुठनं आलात?" मी 'फिरायला गेलो होतो' म्हणणार होते, पण आई आधी बोलल्या.

"घरनं," म्हणाल्या.