मास्तरांनी काढलेला राखणदार

टिपणीस मास्तर चित्र काढताना माणसाच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघायचे. चौलच्या शाळेत त्यांनी मुलांकडून जन्मभर घागर आणि पोपट काढून घेतले. निवृत्त झाल्यावर मात्र हिरव्या तोंडाची माणसं काढायला लागले. मी विचारलं, "मास्तर, डोळं तपासलंत का?"

"भागीबाई, नोकरीत सरळ रेघा मारल्या. आता पेन्शनीत वाकड्या मारतो."

मी ज्यांच्या वाडीत कामाला होते, ते भाऊ वाडी बंगले बांधणाऱ्या एका बंगलेवाल्याला विकायला निघाले. माझी झोपडी त्याच वाडीत. भाऊ मास्तरांना म्हणाले, "जाण्याआधी आम्हा नवरा-बायकोचं वाडीतलं एक चित्र काढा. आठवण राहील."

मास्तर रोज विहिरीपाशी बसायचे. चित्र झालं तेव्हा भाऊ निळे होते, वहिनी पिवळ्या, पोफळी दारू प्यायल्यासारख्या झुकलेल्या. आणि मागे एक लालभडक आकृती. तोंड नाही, हात गुडघ्यापर्यंत.

"आम्ही दोघंच बसलो होतो. हा तिसरा कोण?" भाऊंनी विचारलं.

"मागे कोणीतरी उभं होतं. दिसलं ते काढलं."

वहिनींनी ताबडतोब हात जोडले. वाडी सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, दरवर्षी नारळ द्यायचा असतो. भाऊंनी तो कधीच बंद केला होता. "तो समोर येऊन उभा राहिलाय आणि तुम्ही वाडी विकताय?" वहिनी म्हणाल्या. भाऊंना ताप भरला. उतरल्यावर पहिलं काम केलं ते बंगलेवाल्याला नाही म्हणून कळवायचं.

मी चित्र नीट पाहिलं. राखणदाराचा डावा पाय बाहेर वळलेला होता. तसा पाय गावात माझ्या एकटीचा. पण चित्रात सगळ्यांचेच पाय वाकडे, म्हणून कोणाला ओळखू आला नाही.

"मास्तर, ही मी हाय. मागं सुपाऱ्या घेऊन उभी व्हते."

"वाडीत राहायचंय ना?"

"व्हय."

"मग गप्प राहा."

गेल्या पावसाळ्यात मास्तर वारले. भाऊ आणि वहिनी त्याआधीच गेले. त्यांच्या मुलाने वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. हे तो वाचणार नाही, तो फक्त फोन वाचतो. दरवर्षी चित्रापुढे नारळ फोडतो आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला देतो, वाडीतलं जुनं माणूस म्हणून. मी खाते.

राखणदाराला तोंड का नाही काढलं, असं मी एकदा मास्तरांना विचारलं होतं.

"काढलं असतं तर बोललं असतं," ते म्हणाले.