‘सांगीन’ म्हणजे कोण सांगीन?

हसा खुशाल, पण माझ्या एका शब्दापायी भातकुलीतली एक विहीर अर्धीच राहिली! चहा संपेपर्यंत ऐका, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्याकडून अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायला नवाच आलेलो. जवळच्या भातकुली गावी माझं व्याख्यान ठेवलं. विषय केवढा! उपग्रह वरून रेडिओलहरी सोडतो, त्या हवेच्या अगदी वरच्या थरावर आपटून परततात, आणि किती वेळात परतल्या यावरून थर किती उंचावर आहे ते कळतं. टाळ्या पडल्या. मग काय, जीभ सुटलीच. "उद्या दुसऱ्या ग्रहांच्या जमिनीच्या पोटातलंही असंच हुडकतील!"

सुखदेवराव उठले. त्यांचा वांग्यांचा मळा, नवी विहीर अर्धी खणलेली, आणि सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा.

"गुरुजी, आमच्या इहिरीत खाली गोड पानी हाय का खारं, हे सांगीन का?"

मला वाटलं, मलाच विचारताहेत. अकोल्यात जमिनीखालच्या पाण्याचे एक जाणकार ओळखीचे होते, त्यांना विचारू म्हटलं.

"सांगीन की!"

दर बुधवारी सुखदेवराव बाजाराला आले की शाळेत डोकावायचे, चार वांगी ठेवायचे. "सांगतलं का, गुरुजी?"

"अजून नाही. पण सांगीन."

"बरं. सांगीन तवा खंदतो."

किती समजूतदार माणूस, नाही? मी वांग्यांचं भरीत खाल्लं आणि अकोल्याचं पत्र उद्यावर टाकलं. पुढे वांगी बारीक झाली, मग बंदच झाली. उन्हाळ्यात मी चौकशीला गेलो, तर मळा वाळून कोळसा!

त्यांची बायको कडाडली, "तीन महिने इहीर बंद ठेवून राह्यले! म्हनतात, वरचं यंत्र सांगीन, मंगच खंदीन!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण ‘तो सांगेल’ म्हणतो, तिथे वऱ्हाडात ‘तो सांगीन’ म्हणतात! माणूस इतके दिवस आभाळाकडून निरोपाची वाट बघत होता.

"अहो, सांगीन म्हणजे मी सांगीन!" मी ओरडलो.

सुखदेवराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "यंत्राचं जाऊ द्या. मंग तुमी काहून नाई सांगतलं?"

मी अजून कुणाला विचारलंच नव्हतं.