कुंपणावर कावळा, गळ्यात बीपर

बर्फाचा कडा कोसळला नव्हता, तरी त्या दिवशी नऊ माणसांनी मला शोधून काढलं.

बायकोला जाऊन वर्ष होत होतं. मी तेव्हा मुलाकडे मिल्टन कीन्सला राहायचो. तिचं वर्षश्राद्ध नेमकं त्याच्या स्कॉटलंडच्या स्कीइंगच्या सुट्टीत आलं. "बाबा, बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे," तो म्हणाला. (त्याची आईही तशीच. गेली ती गेली.) मी मुकाट्यानं वरणभाताचा डबा घेतला. कावळा घासाला शिवल्याशिवाय मी जेवणार नव्हतो.

तिथं आधी क्लास. बर्फाखाली माणूस गाडला गेला तर शोधायचा कसा? शिकवणाऱ्या गोऱ्या मुलीनं प्रत्येकाच्या गळ्यात बीपर अडकवला. एरवी तो "मी इथं आहे" असं सांगत राहतो. मग तिनं एक बीपर पिशवीत घालून बर्फात पुरला. आता आपापलं बटण फिरवा, म्हणजे तुमचा बीपर पुरलेल्याला शोधेल. सून प्राजक्ता मला हे मराठीत समजावत होती. माझं लक्ष कुंपणावर. तिथं कावळा होता, अंगानं करडा, पण कावळाच.

बटण न फिरवता मी सटकलो. घास ठेवला, लांब उभा राहिलो. कावळा ढिम्म.

"गोळ्या वेळेवर घेईन." ढिम्म.

"सुनेच्या आमटीला नावं ठेवणार नाही." त्यानं तोंड फिरवलं.

"बरं, रडणार नाही गं." पंखसुद्धा हलेना.

इतक्यात मागून पीप-पीप! पुरलेली पिशवी राहिली बाजूला, सगळ्यांचे बीपर मलाच दाखवत होते. नऊ जण बर्फात खुपसायच्या लांब काठ्या घेऊन धावत आले. (वरणभातात खुपसतात की काय, या भीतीनं मी आडवा आलो.)

"बाबा, शिकवणारी म्हणतेय, खरा कडा कोसळला असता तर तुमच्यापायी गाडलेला माणूस मेला असता," प्राजक्ता म्हणाली.

मुलगा लालबुंद. "करताय काय तुम्ही?"

"तुझ्या आईला जेवू घालतोय. तिथी आहे तिची. कावळा शिवेपर्यंत कुणी हलायचं नाही."

प्राजक्तानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि ती सगळी गोरी मंडळी टोप्या काढून कावळ्याकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटं! एकाचे दात वाजत होते.

शेवटी प्राजक्तानं हात जोडले. "आई, बाबांकडे मी बघते."

कावळा झपकन खाली आला आणि घास घेऊन उडाला.

एकेचाळीस वर्षांचा संसार. मेल्यावरसुद्धा बायकोनं माझ्या शब्दाला जामीन मागितला.