अंबूताईंची राखण

अंबूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्याच दाराशी झटापट करताना. कडीला लावलेलं कुलूप त्या दोन्ही हातांनी ओढत होत्या, जिन्यापर्यंत जात होत्या आणि परत येऊन पुन्हा ओढत होत्या. मी नवी नवरी, साताऱ्याकडून नुकतीच ठाण्यात, नौपाड्यात आलेली. मला वाटलं, कुलूप बिघडलंय. "मी बघू का?" असं विचारलं, तर त्या माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघत म्हणाल्या, "अगो, एवढं सोनं अंगावर घालून जिन्यात काय उभी राहतेस? आत जा आधी!"

आमच्या शेजारच्याच बिऱ्हाडात त्या राहत. चाळिशी उलटलेली, काटक, नऊवारी नेसणाऱ्या. सतत कसली ना कसली धास्ती घेतलेल्या. बाजारात भाजी निवडताना त्यांचा एक हात गळ्याशी असायचा. मध्येच थबकून मला विचारायच्या, "मालू, आहे ना गं?" मी मंगळसूत्राकडे बघून "आहे" म्हटलं की पुढच्या वाट्याकडे वळायच्या. यजमान कचेरीतून यायला जरा उशीर झाला, की खिडकीचे गज धरून उभ्या. "माणसाचं आणि सोन्याचं सारखंच गो, दिसेनासं झालं की जीव थाऱ्यावर राहत नाही," असं म्हणायच्या.

आणि हीच बाई पाण्याला मात्र जराही भीत नसे. त्यांचं बालपण रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी गेलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत दर रविवारी सकाळी त्या आळीतल्या आम्हा पाच-सहा जणींना टांग्यात घालून पोहायला नेत. आता वर्तकनगरच्या वसाहती आहेत, त्याच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा एक तळं होतं. तिकडे सकाळी पुरुषमाणूस फिरकत नसे. रिकामा घासलेटचा डबा झाळून हवाबंद करून, आमच्या पाठीला बांधून त्या आम्हाला पाण्यात सोडायच्या आणि काठावरून ओरडायच्या, "पाय मार! रडतेस काय? डबा तुला बुडू देणार नाही!"

एका वर्षी मात्र काठावर ठेवलेलं एकीचं गाठोडं नाहीसं झालं. लुगडं तर गेलंच, त्यात गुंडाळलेल्या कुड्या आणि बिलवरही गेले. बिचारी ओलेत्यानं, अंबूताईंची शाल पांघरून घरी आली. दागिने घरी ठेवावेत, तर त्याच उन्हाळ्यात नौपाड्यात एकदोन घरं फुटली होती. गळ्यात ठेवून पोहावं, तर सर तुटून गाळात जायची भीती. अंबूताईंनी नाना उपाय केले. दागिने पोह्यांच्या डब्यात तळाशी घातले, दगडाखाली पुरले, टांगेवाल्याच्या घोड्याच्या चंदीतसुद्धा लपवून पाहिले. पण पाण्यात उतरल्यावर त्यांचं सगळं लक्ष काठाकडे. झुडूप हललं तरी त्या पोहायच्या थांबायच्या.

शेवटी त्यांनी मांजरपाटाची दुहेरी शिवणीची पिशवी शिवली. सगळ्यांचं सोनं तिच्यात घालून, नाडीनं कमरेला आवळून, वर काचा मारून त्या पाण्यात उतरू लागल्या. "येऊ दे आता चोर. माझ्या कमरेपर्यंत पोहत आला तर खरा!" त्यानंतर त्या खरोखर मोकळेपणी पोहू लागल्या, तळाशी बुडी मारून मूठभर वाळू आणून दाखवू लागल्या. आम्ही मात्र त्या वर येईपर्यंत श्वास रोखून उभ्या असायचो. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर पिशवीसाठीही.

स्वातंत्र्याला पाचेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी आमच्याबरोबर सुशी होती. समोरच्या घरची नवी सून, माझ्याच वयाची. पिशवीत मंगळसूत्र टाकताना तिचा हात अडखळला. "सासूबाईंना कळलं तर?" अंबूताई म्हणाल्या, "माझ्या अंगावरून कुठं जातंय? चल, उतर."

सुशी छान पाय मारत होती. अचानक तिच्या पाठीवरचा डबा एकटाच तरंगताना दिसला. दोरी सुटली होती. सुशीचं डोकं एकदा वर आलं, तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता, आणि ती खोल पाण्याच्या बाजूला दिसेनाशी झाली. अंबूताईंनी सूर मारला.

आम्ही कंबरभर पाण्यात थिजून उभ्या होतो. पाण्यावर बुडबुडे आले आणि थांबले. कुणीतरी देवाचं नाव घ्यायला लागलं. इतका वेळ कधीच लागला नव्हता. मग एकदम पाणी फुटलं आणि अंबूताई वर आल्या, सुशीला दंडाला धरून ओढत. आम्ही तिला काठावर पालथी घातली, पाठ चोळली. तिनं पाणी ओकलं आणि ती रडायला लागली, तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

अंबूताई बाजूला बसल्या होत्या. त्यांच्या कमरेला नुसती नाडी होती. "खाली झाडाचा खुंट आहे गो," त्या म्हणाल्या. "पिशवी अडकली. फाडून सोडली."

त्यांनी पुन्हा दोनतीनदा बुड्या मारल्या, पण ढवळलेल्या गाळानं पाणी चहासारखं झालं होतं. शेवटी आम्हीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.  परतीच्या टांग्यात मोकळ्या गळ्यावर पदर लपेटून जी ती आपापल्या घरचा दरवाजा डोळ्यांसमोर आणत होती.

अंबूताई आधी घरी गेल्या नाहीत. ओल्या लुगड्यानिशी प्रत्येकीबरोबर तिच्या दारात उभ्या राहिल्या. "माझ्याकडे होतं. माझ्याकडून गेलं. पोरीला बोलू नका." एका घरातून "तुमच्या पोहण्याच्या नादापायी!" असा आवाज चढला, तो रस्त्यापर्यंत ऐकू आला.  माझ्या सासूबाईंनी देवघरातून काळ्या मण्यांचा एक सर आणून माझ्या गळ्यात बांधला. "बाकीचं मागाहून बोलू," म्हणाल्या. ते बोलणं नंतर बरेच महिने चाललं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटल्यावर घरच्या पुरुषांनी गाळ उपसून पाहिला. खुंट सापडला, पिशवी नाही.

त्या प्रसंगानंतरच्या लगेचच्या रविवारी टांगा निघाला तेव्हा त्यात अंबूताई, मी आणि सुशी अशा तिघीच होतो. सुशी येईल असं मला वाटलं नव्हतं. घरी भांडून आली होती.

पुढं अंबूताईंचे यजमान निवृत्त झाले आणि ती दोघं कोकणात परत जायला निघाली. सामान बांधायला मी गेले होते. आळीत सगळे अजून त्या बुडीची गोष्ट कौतुकानं सांगत, आणि ती निघाली की अंबूताई उठून आत जात. मी सहज म्हटलं, "सुशीचा जीव वाचवलात तुम्ही." त्या हातातलं पातेलं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"मालू, मी तिला धरलं होतं. मग पिशवी अडकली. गाठ सोडवायला दोन्ही हात लागतात गो. मी पोरीला सोडलं." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "तुमच्या सगळ्यांचं सोनं होतं ना! गाठ काही सुटेना. तेवढ्यात तिचे केस माझ्या तोंडावर आले. मग फाडली मी पिशवी. पण आधी गाठच सोडवत होते. तिला हे सांगायचं धाडस मला कधी झालं नाही."

 मी पातेलं उचलून पेटाऱ्यात ठेवलं.

दोनच वर्षांत त्या गेल्याची बातमी आली. सुशी तेव्हा डोंबिवलीला, कोपर गावाच्या बाजूला राहायला गेली होती. तिला सांगायला मी मुद्दाम गेले. दोघीही रडलो. वाटेत मी ठरवलं होतं, की अंबूताई बोलल्या त्यातलं काही सुशीला सांगायचं नाही. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

"हात सुटला होता ते म्हणतेस ना?" सुशी म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं."

"आणि तरी तू पुढच्या रविवारी आलीस?"

"परत धरलं ना त्यांनी." तिनं पोलक्याची बाही वर सारली. बोटांचे वळ आता तिथं राहिले नव्हते. आपल्याच दंडात ती बोटं रुतवत गेली, नखं पांढरी होईपर्यंत. "असं धरलं होतं," ती म्हणाली.